चौदा पौंड दोन औंस

मी स्प्रिंगकाटा बोलतोय. पुढचं ऐकण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको. मी खोटा आहे. जन्मापासून नव्हतो, माणसांत राहून झालो.

पूर्व टेक्सासात हॅरोड तलावाच्या काठाला टटल नवराबायकोचं दुकान आहे. गळ, दोऱ्या, गांडुळं, आमिषाच्या जिवंत मासळ्या, उकडलेले शेंगदाणे आणि थंड पेयं, असा सगळा संसार. दारातून आत आलात की डाव्या हाताला आमिषाची टाकी लागते. तिच्या बरोब्बर वर आढ्याला एक हूक आहे आणि त्या हुकाला बेचाळीस वर्षं मी लटकतोय. पोटावर गोल तबकडी, तबकडीवर एक ते साठ पौंड. माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच, एक ते साठ. पण जागा अशी मोक्याची की गावातलं काही नजरेतून सुटत नाही. कुणी दारू सोडली, कुणी नुसतं सोडली म्हणून सांगितलं, कुणाच्या गाडीत मागच्या रविवारी कोण बसलं होतं, सगळं मला ठाऊक. मी काही विचारायला जात नाही. माणसं माझ्यासमोर येऊन उभी राहतात आणि आपणहून बोलतात, त्याला मी काय करू?

माझा जन्म शिकागोच्या कारखान्यातला. आधी एका दुकानात खिळे तोलले. खिळे सभ्य असतात, जेवढे आहेत तेवढेच भरतात. मग ते दुकान बसलं आणि डॉइल टटलने मला लिलावात उचललं. माझ्याबरोबर एक गंजका पाना फुकट मिळाला होता. खरं सांगतो, पहिलं वर्षभर त्याने तो पानाच जास्त जपला.

इथे मी बास तोलायला लागलो. बास म्हणजे रुंद तोंडाची, हिरवट पाठीची मासळी. माणसं तिच्यासाठी पहाटे उठतात, घर गहाण पडेल एवढ्या किमतीची होडी घेतात, दिवसभर उन्हात भाजून घेतात. मग तिला पकडतात, ओल्या झोळीत घालून माझ्या हुकाला टांगतात, फोटो काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. खायला घरी जाऊन कोंबडी. हा प्रकार मला पहिली पाच-सहा वर्षं कळलाच नाही. मग कळलं की यांना मासळी नकोच असते, आकडा हवा असतो. आकडा देणारा मी. तेव्हापासून माझी मान थोडी ताठ झाली.

माझ्या बिघडण्याची गोष्ट अशी. ऑर्व्हल डीस म्हणून डॉइलचा जिवलग मित्र होता, अजून आहे. उंच, लाल मानेचा, आणि स्वतःविषयी बोलताना कधी दम न लागणारा. एकदा त्याने होडीचं जुनं इंजिन दुकानात आणलं.

"साठ पौंडांच्या आतलं आहे," ऑर्व्हल म्हणाला.

"नव्वद," डॉइल म्हणाला. "पैज."

"अरे, त्या काट्यावर साठच्या पुढे आकडे नाहीत," आतून डॉइलची बायको व्हर्लीन ओरडली. "इंजिन टांगताय की अक्कल?"

पण पैज लागली की या दोघांना बायकांचं ऐकू येत नसे. त्यांनी इंजिन माझ्या हुकाला अडकवलं आणि हात सोडले. माझा काटा साठच्या पुढे गेला, पुन्हा शून्यावर आला आणि पुढेच निघाला. कण्यात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. पैज कोण जिंकलं हे आजवर ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनने चहासाठी आणलेली पाच पौंडांची साखरेची पिशवी सहज मला टांगली. मी साडेपाच दाखवले. तिने नवऱ्याला हाक मारली. डॉइलने पिशवी काढली, लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"आता नीट करून आण," व्हर्लीन म्हणाली.

"वेडी आहेस का तू? दहा पौंडांची मासळी आणलेला माणूस अकरा ऐकून जाईल. घरी जाऊन बायकोशी गोड बोलेल. यात कुणाचं काय गेलं?"

कुणाचं काही गेलं नाही, हे खरं. उलट तीन परगण्यांतून माणसं यायला लागली. हॅरोडच्या पाण्यात मासळी भरते, असा बोलबाला झाला. समोरच्या भिंतीवर डॉइलने फोटो लावायला सुरुवात केली, आणि प्रत्येक फोटोखाली पाटीचा छोटा तुकडा, त्यावर खडूने वजन. भिंतीवर बावीस फोटो. बावीसही वजनं माझ्या तोंडची.

सगळ्यांत वर ऑर्व्हलचा. इंजिनाच्या पुढच्याच वसंतात त्याने एक मासळी आणली आणि मी तेरा पौंड चार औंस दाखवले. आमच्याकडे सोळा औंसांचा पौंड, आणि तेरा पौंडांपुढची बास म्हणजे माणसाच्या आयुष्यात एकदा येणारी गोष्ट. ऑर्व्हलने टोपीवर तेरा-चार भरून घेतलं. घरासमोरच्या टपालपेटीवर तेरा-चार रंगवलं. तीन बायका आल्या आणि गेल्या, तेरा-चार राहिलं. मासळी खरी बारा पौंडांची होती. हे तीनच जणांना ठाऊक होतं. डॉइल, व्हर्लीन आणि मी.

मग डॉइल गेला. त्याच्या आधीपासूनच तलावही उतरणीला लागला होता. दोन दुष्काळांत पाणी आटलं, थोराड मासळ्या संपल्या, राहिल्या त्या दोन-तीन पौंडांच्या चुणचुणीत. मी दहावा हिस्सा वाढवून किती वाढवणार? होड्या दुसऱ्या तलावांकडे वळल्या. शनिवारीसुद्धा दुकानात व्हर्लीन, मी आणि टाकीचा बुडबुडा, असे तिघंच. व्हर्लीनची बहीण लबकला राहते. तिथे धूळ भरपूर, पाणी नाही. ती दर आठवड्याला फोन करून म्हणायची, "दुकान विकून टाक आणि इकडे ये." व्हर्लीनने 'विकणे आहे' अशी पाटी रंगवून ठेवली होती. टाकीमागे भिंतीला टेकवून. बाहेर लावली नव्हती.

ती न लावण्याचं कारण म्हणजे मत्स्यखात्याची एक योजना. कुणी तेरा पौंडांची किंवा त्यावरची मादी जिवंत आणून दिली, की खातं तिला आपल्या मत्स्यबीज केंद्रात नेतं. तिच्या पोहण्याच्या पराचा एक कपटा कापून वंश तपासतात. दक्षिणेकडच्या थोराड जातीचं रक्त निघालं तर तशाच घराण्यातला नर शोधून जोडी लावतात. पिल्लं बोटाएवढी झाली की निम्मी जिथली आई तिथल्या तलावात सोडतात. म्हणजे मोठं होणं ज्यांच्या रक्तात आहे अशांनी तलाव पुन्हा भरायचा. ऑर्व्हलने हे पत्रक दुकानात मोठ्याने वाचलं होतं आणि म्हणाला होता, "माझ्या तिन्ही लग्नांच्या वेळी एवढी चौकशी कुणी केली असती तर?"

गंमत बाजूला. खात्याने कळवलं होतं की हॅरोडमधून सात वर्षांत एकही मादी आलेली नाही, तेव्हा येत्या मार्चअखेर तलावाचं नाव यादीतून काढणार. मार्च संपला की पाटी बाहेर, हे व्हर्लीनने माझ्याकडे बघतच स्वतःला सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली सकाळ. ऑर्व्हल धापा टाकत आत आला. होडीतल्या टाकीतून काढलेली मासळी ओल्या झोळीत, झोळी छातीशी. एक शब्द बोलला नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण मोठं आहे. त्याने झोळी माझ्या हुकाला लावली.

चौदा पौंड दोन औंस.

"चौदा-दोन," ऑर्व्हल हळूच म्हणाला. "व्हर्लीन, चौदा-दोन. माझ्याच्याने उभं राहवत नाही."

"मग खाली बस. आधी तिला टाकीत सोड."

मासळी आमिषाच्या टाकीत गेली. लहान मासळ्यांनी एका कोपऱ्यात दाटी केली, ती मधोमध राहिली, पोट अंड्यांनी टच्च. ऑर्व्हल तिला लगेच बाईसाहेब म्हणायला लागला. आणि व्हर्लीन गल्ल्यामागे जाऊन शेंगदाण्याच्या पिशवीवर पेन्सिलीने आकडेमोड करत होती. मी वरून पाहिलं. बारा पौंड तेरा औंस. तेराला तीन औंस कमी.

तिने तरीही खात्याला फोन लावला. पलीकडून डॉक्टर ट्रिन म्हणून कुणी बाई बोलत होत्या. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"गाडी एकच आहे, मिस व्हर्लीन, आणि तुमच्याकडे यायला चार तास. दुसऱ्या एका तलावाचाही फोन आलाय, त्यांची तेरा-सहा आहे. तुमच्या काट्यावर नक्की किती?"

व्हर्लीनने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं.

"माझ्या काट्यावर चौदा पौंड दोन औंस," ती म्हणाली. शब्दाला शब्द खरं होतं ते.

"निघते मी," डॉक्टर ट्रिन म्हणाल्या.

तिने फोन ठेवला. तेरा पौंडांची खरी आई सोडून ती गाडी इकडे निघाली होती. दारावरची पाटी फिरवून तिने 'बंद' केली, ऑर्व्हलला खुर्चीत बसवलं आणि सांगून टाकलं. साखरेची पिशवी, इंजिन, सगळं.

ऑर्व्हलने टोपी काढली आणि तिच्यावरचं तेरा-चार वाचलं, जणू काही पहिल्यांदा वाचतोय.

"म्हणजे माझी?"

"बारा."

"बारा आणि?"

"नुसती बारा, ऑर्व्हल."

"डॉइलला माहीत होतं?"

"तो हसत होता. पण तुझा फोटो त्यानेच सगळ्यांत वर लावला, स्टुलावर चढून. मी म्हटलं खाली लाव, तर म्हणाला, नाही, तिथेच राहील."

"माझ्याच इंजिनाने," ऑर्व्हल म्हणाला. त्याने टोपी उलटी करून गुडघ्यावर ठेवली. रागावणार असं मला वाटलं होतं. रागावलाही, पण भलत्यावरच, त्या तीन औंसांवर. "चार तास आहेत ना? तीन औंस म्हणजे काय गं? दोन शिशाचे गोळे घशाखाली सरकवले की झालं. स्पर्धांमध्ये करतात लोक."

"आणि शिसं पोटात राहून ती मेली तर?"

"लहान गोळे."

"ऑर्व्हल, ती बाळंतीण व्हायची आहे. तुझ्या हाताला शिसं लागलेलं दिसलं ना, तर तुलाच टांगीन त्या हुकाला, आणि तुझं वजन खरं सांगेन."

तो टाकीपाशी गेला. बाईसाहेबांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "शिसं नको. पण पाहुणीला जेवायला घातलं तर तो गुन्हा आहे का?"

आणि मग जो प्रकार सुरू झाला तो मी जन्मात विसरणार नाही. टाकीतल्या आमिषातली सगळ्यांत मोठी मासळी, सोनेरी, वीतभर, सहज चार औंसांची, ऑर्व्हलने जाळीने उचलली आणि बाईसाहेबांच्या तोंडापुढे सोडली. बाईसाहेबांनी पाहिलंही नाही. पुन्हा सोडली. त्यांनी पाठ फिरवली. दोन तास हेच चाललं. सत्तरीचा माणूस टाकीच्या कडेवर कोपरं टेकून तिची मनधरणी करत होता. "एवढी एक घे. बघ किती ताजी आहे. सकाळपासून उपाशी आहेस. तुझ्या पोरांसाठी तरी घे."

"बडबड बंद कर, ती बुजते," व्हर्लीन म्हणाली.

"तू कर मग."

व्हर्लीनने दिवा मालवला, टाकीच्या निम्म्या भागावर गोणपाट टाकलं आणि ऑर्व्हलला हाताला धरून बाजूला घेतलं. दोघं गल्ल्यामागे लपून बसली, चोरासारखी. तासभर. मी वरून पाहत होतो, पण मला बोलता येत नाही. खरंतर त्या तासात पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं. बाहेर एकेक गाडी येऊन थांबत होती. बातमी फुटली होती. भिंतीवरचे बरेचसे फोटोवाले बाहेर जमले होते आणि काचेला नाक लावून आत बघत होते.

गोणपाटाखाली एकदाच पाणी हललं. चपळ, जाड आवाज. ऑर्व्हल उठला, टाकीत वाकला आणि सरळ झाला तेव्हा चेहरा असा की नातू झाल्याची बातमी ऐकली असावी.

"गिळली," तो म्हणाला.

"पूर्ण?"

"शेपूट अजून घशात आहे."

त्याच क्षणी खात्याची गाडी आवारात वळली.

डॉक्टर ट्रिन बुटक्या, चपळ, रबरी बुटांतल्या. त्यांच्या मागोमाग आठ-दहा माणसं आत घुसली. त्यांनी आधी एक छोटं यंत्र मासळीच्या पोटावरून फिरवलं. शिसं असेल तर ते वाजतं म्हणे. वाजलं नाही. व्हर्लीनने ऑर्व्हलकडे असं पाहिलं की तो भिंतीकडे बघायला लागला. मग डॉक्टरांनी आपला काटा काढला, झोळी त्यावर ठेवली.

"तेरा पौंड एक औंस."

कुणीतरी शीळ घातली. डॉक्टरांनी मासळीचं तोंड उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. घशात सोनेरी शेपूट अजून दिसत असणार.

"हिची न्याहारी झालेली दिसतेय," त्या म्हणाल्या.

"भूक लागली होती तिला," ऑर्व्हल म्हणाला.

"नियमांत न्याहारीबद्दल काही लिहिलेलं नाही." त्यांनी तोंड मिटवलं. मग माझ्याकडे वर पाहिलं. "पण फोनवर चौदा-दोन सांगितलंत, मिस व्हर्लीन. एक पौंड रस्त्यात कुठे सांडला?" आणि पेटीतून दहा पौंडांचं पितळी वजन काढून त्यांनी माझ्या हुकाला अडकवलं.

मी काय करणार? अकरा दाखवले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. माणसांचे ओठ हलत होते. प्रत्येकजण आपापल्या फोटोतून दहावा हिस्सा वजा करत होता. व्हर्लीन पुढे झाली. "मला पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली. "डॉइलला आणि मला. तुमच्यापैकी ज्यांना माझ्यावर ओरडायचं असेल त्यांनी ओरडून घ्या. पण मासळीला आधी जाऊ द्या."

ओरडणार होते. एकाने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ऑर्व्हलने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि सगळ्यांत वरच्या पाटीवरचं तेरा-चार अंगठ्याने पुसून टाकलं. खडू घेतला. बारा लिहिलं. थोडं थांबून, आणखी काही लिहावं का असा विचार करून, खाली उतरला.

"ते इंजिन माझं होतं," तो सगळ्यांना म्हणाला. "पैज मी लावली होती. काट्याचा काही दोष नाही. घ्या, खडू घ्या, रांगेत या."

मग रांगेत आले. कुरकुरत, एकमेकांना टोमणे मारत. "तुझी तर आता आमिषाएवढीच राहिली." "तू बोलू नकोस, तुझी आधीही तेवढीच होती." बावीस पाट्या पुसल्या गेल्या. तोपर्यंत बाईसाहेब गाडीच्या गार टाकीत बसून निघूनही गेल्या होत्या.

वंश उत्तम निघाला. केंद्रात एक तालेवार घराण्यातला नर बघून ठेवलेला होता, वयाने तिच्याहून बराच लहान, पण त्यांच्यात त्याचं कुणी मनावर घेत नाही. जूनमध्ये डॉक्टर ट्रिन पुन्हा आल्या आणि हजारो पिल्लं, बोटाएवढी, पाइपातून तलावात सोडली. ऑर्व्हल कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यांना रस्ता दाखवत होता, जणू त्यांना त्याची गरज होती. बाईसाहेबही परत आल्या आणि एकदा शेपूट आपटून खोल गेल्या. 'विकणे आहे'ची पाटी आता टाकीचं झाकण आहे, अक्षरं खालच्या बाजूला.

माझं म्हणाल तर माझी स्प्रिंग आता कुठे मिळत नाही. व्हर्लीनने गल्ल्यावर एक नवा, विजेवरचा काटा आणलाय. लाल आकडे, एक शब्द जास्त बोलत नाही. माणसं आधी त्याच्यावर तोलतात. मग इकडेतिकडे बघतात आणि मला टांगून बघतात, नुसतं फोटोपुरतं. मी कुणाला नाराज करत नाही.

मागच्या महिन्यात ऑर्व्हलने एक मासळी आणली. पराचा कपटा पाठवून कळलं, बाईसाहेबांचीच लेक. नव्या काट्यावर सहा पौंड दोन औंस. व्हर्लीन म्हणाली, "टांग की याला, कोण बघतंय?" त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि नको म्हणाला. तिला पाण्यात सोडून आला. मग येऊन आपली टोपी मला टांगली, आणि निघताना उतरवून घेऊन गेला. टपालपेटीवर त्याने बारा रंगवलंय आणि पुढे बरीच जागा कोरी सोडलीय.

तेव्हा एकच मागणं. मला भंगारात देऊ नका. त्या पोरींपैकी एखादी कधीतरी खरोखर तेराच्या पुढे जाईल, त्या दिवशी मला इथे असायचंय. मी काय दाखवीन ते तुम्हाला ठाऊक आहे. विश्वास त्या गल्ल्यावरच्यावर ठेवा. फोटो मात्र माझ्याखाली काढा.